हिरव्यावर उतारा हिरव्याचाच

शुक्रवारी रात्री पाणी निळंशार होतं, हे मामा शपथेवर सांगायला तयार होते. शनिवारी उजाडल्यावर बघतात तर पालकाची पातळ भाजी! दुसरी पायरी दिसेना, तळाचं तर नावच नको. खालापूर तालुक्यातलं एका मित्राचं शेतघर, त्याच्या अंगणात २५ फूट बाय १२ फुटांचा छोटासा स्विमिंग पूल, आणि दिवाळीची पाहुणेमंडळी यायला उरलेले दहा दिवस. “रातोरात कोणी रंग तर नाही टाकला, दादा?” शेतघर सांभाळणाऱ्या मामांनी मला विचारलं. (नुसतं ‘पूल’ म्हटलं की इकडे लोक पाताळगंगेवरच्या पुलाचा रस्ता दाखवतात, म्हणून मी पुढे आपला ‘तलाव’च म्हणणार आहे.)

रंग कोणी टाकला नव्हता. रंग पाण्यात आधीपासून होताच, फक्त दिसत नव्हता. कसा, ते बघा. पाण्यात तरंगणारं हिरवं शेवाळ म्हणजे एकेकट्या पेशी. मिलिमीटरच्या फटीत दीडदोनशे सहज ओळीने उभ्या राहतील, इतक्या बारीक. एकीच्या दोन, दोघींच्या चार. ऊन, ऊब आणि खाणं भरपूर असलं तर काही जातींना दुप्पट व्हायला जेमतेम आठ तास पुरतात. म्हणजे दिवसातून तीनदा दुप्पट, दिवसाला आठपट. याच गतीने एकच पेशी निर्धास्त वाढू दिली तर दहा दिवसांनी किती होतील? १०७ कोटी!

आता उलटं मोजा. आज सकाळी तलाव हिरवागार आहे. काल सकाळी त्यात आजच्या आठव्या हिश्शाएवढं शेवाळ होतं, परवा चौसष्टाव्या. आठवा हिस्सा म्हणजे पाणी किंचित मंद दिसणार, चौसष्टावा म्हणजे डोळ्यांना निळंच. मामा खोटं बोलत नव्हते. आपले डोळेच या हिशेबात कच्चे.

आलं कुठून हे? आपल्या भागात हा प्रश्न पडूच नये खरं तर. कर्जत-खालापूरच्या कुठल्याही कुंपणाच्या भिंतीवर मे महिन्यात काळे ओघळ दिसतात, जणू कोणी डांबर सांडलंय. जूनच्या पहिल्या सरीनंतर दोन-चार दिवसांनी तीच भिंत बघा. काळ्याचं हिरवट झालेलं असतं आणि हात लावला तर बुळबुळीत लागतं. तो डाग मेलेला नव्हता, नुसता झोपलेला होता. नॉस्टॉक नावाचं नील-हरित शेवाळ वनस्पतिसंग्रहात कागदावर चिकटवून कित्येक दशकं वाळत पडलं होतं. ओलं केल्यावर ते पुन्हा वाढायला लागलं! ज्याला दशकं सोसतात त्याला आपला उन्हाळा म्हणजे दुपारची डुलकी. वारा, पावसाचे शिंतोडे, पाहुण्यांचे पाय, पाखरांची चोच, कशावरही बसून ते येतं. ते येणारच. खरा प्रश्न एवढाच, की आल्यावर त्याला कोण अडवतं?

मामांची दुसरी शंका इथेच होती. “यात तर आपण मिठाच्या गोण्या ओतल्यात. मिठाच्या पाण्यात शेवाळ धरतंच कसं?”

शंका रास्त आहे. लोणच्याची बरणी वर्षभर टिकते ती मिठाच्याच जोरावर. पण या ‘खाऱ्या’ तलावात मीठ असतं किती? लिटरला साडेतीन ग्रॅमच्या आसपास, चहाचा अर्धा-पाऊण चमचा. समुद्रात याच्या दहापट असतं. आपल्या अश्रूंतसुद्धा याच्या अडीचपट! एवढ्याशा खारटपणाला शेवाळ भीक घालत नाही. इथे मीठ स्वतः लढतच नाही. ते आहे दारूगोळ्याचा कच्चा माल.

कारखाना असतो पंपाच्या खोलीत. पाण्याच्या पाइपात एक जाडशी नळी बसवलेली असते, तिला सगळे ‘सेल’ म्हणतात. आत टायटॅनियमच्या पट्ट्या आणि त्यांवर रुथेनियमच्या ऑक्साइडचा पातळ लेप. एवढा थाट कशाला? साधं लोखंड इथे पाहता पाहता गंजून जाईल म्हणून. मीठ पाण्यात विरघळलं की त्यातले सोडियम आणि क्लोराइड वेगवेगळे फिरायला लागतात. पट्ट्यांतून वीज सोडली की क्लोराइडकडचा एक इलेक्ट्रॉन ओढून घेतला जातो, आणि पोळीवर भुरभुरता येईल अशा त्या निरुपद्रवी पदार्थातून बाहेर पडतो क्लोरीन: हिरवट पिवळा, श्वास कोंडणारा वायू. १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर तो शस्त्र म्हणून सोडला गेला. त्याच वर्षी इकडे खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. घाटमाथ्यावरचा पाऊस नळांतून खाली उतरवून त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना जाऊ लागली. वीज आणि क्लोरीन, दोघांची इथे अंगणातल्या नळीत गाठ पडते.

वायू तयार होताच पाण्यात विरघळतो आणि त्याचं हायपोक्लोरस आम्ल होतं. हेच खरं हत्यार. त्याचा रेणू चिमुकला आणि त्याच्यावर विद्युतभार नाही. शेवाळाच्या पेशीचं बाहेरचं आवरण ऋणभारित असतं, त्यामुळे ऋणभार घेऊन येणाऱ्याला ते दारातूनच परत पाठवतं. हा मात्र साध्या वेशातल्या पोलिसासारखा आत शिरतो आणि दिसेल ते प्रथिन, दिसेल तो पडदा जाळत सुटतो. काम झालं की तो काय होतो? परत क्लोराइड. म्हणजे मीठच! पुन्हा फिरत फिरत सेलमध्ये यायचं, पुन्हा क्लोरीन व्हायचं, पुन्हा लढायचं. खाल्ल्या मिठाला जागणारे पुष्कळ ऐकलेत, पण मीठच जागलेलं आणखी कुठे पाहिलंय? या चक्रात मीठ संपत नाही.

आणि हे हत्यार माणसाने शोधलेलं नाही, ही त्याहून मोठी गंमत. तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी या क्षणी तेच वापरत असतील. जंतू गिळला की त्या आपल्याच शरीरातलं मीठ घेऊन आतल्या आत हायपोक्लोरस आम्ल बनवतात आणि जंतूवर ओततात. ते बनवायला मदत करणाऱ्या प्रथिनाचा रंग कोणता असेल? हिरवा. सर्दी जुनी झाली की शेंबूड हिरवट दिसतो तो बराचसा याच प्रथिनामुळे. जे काम पंपाच्या खोलीत टायटॅनियमच्या पट्ट्या करतात ते तुमच्या नाकात चालू असतं.

हिरव्याचा धागा इथे तुटत नाही. शेले या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने १७७४ मध्ये हा वायू तयार केला, आणि १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने तो मूलद्रव्य आहे असं सांगून त्याला नाव दिलं. फिकट हिरव्यासाठी ग्रीक शब्द आहे ‘क्लोरोस’, त्यावरून क्लोरीन. सात वर्षांनी, १८१७ मध्ये, पेलेत्ये आणि कावांतू या फ्रेंच जोडीने पानांतलं हरितद्रव्य वेगळं काढलं. नाव? त्याच शब्दावरून क्लोरोफिल. त्यात क्लोरीनचा लवलेश नाही, मध्यभागी मॅग्नेशियम बसलेलं असतं, तरी नाव तेच. पुढे १८९० मध्ये बाइयरिंक या डच शास्त्रज्ञाने एका गोलमटोल हिरव्या शेवाळाला नाव दिलं क्लोरेला. म्हणजे मारणारा क्लोरोस, मरणारा क्लोरोस, आणि ज्याच्यासाठी मारायचं ते रंगद्रव्यही क्लोरोस. एका शब्दाच्या भाऊबंदकीत आम्ही दिवाळीच्या तोंडावर सापडलो होतो.

पण मग कारखाना चालू असताना शेवाळ माजलं कसं? इथे मला पावसाचा हिशेब मांडावासा वाटला, आणि तो मांडल्यावर मी स्वतःच चाट पडलो.

तलाव सरासरी चार फूट खोल, म्हणजे पाणी सुमारे ३४,००० लिटर. त्यातलं मीठ १२० किलोच्या आसपास. आता कर्जत-खालापूरचा पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त. ३,००० धरला तरी या तीनशे चौरस फुटांच्या उघड्या तोंडात जून ते सप्टेंबर ८३,००० लिटरहून अधिक पाणी आभाळातून पडलं. सुमारे अडीच तलाव! भरलेल्या भांड्यात अडीच भांडी ओतली तर काय होईल? तेवढंच पाणी काठावरून वाहून जाईल, आणि जाताना मीठ घेऊन जाईल. पंप चालू असेल आणि पाणी नीट मिसळत असेल तर चार महिन्यांनी मूळ मिठाचा दहावा हिस्साही उरत नाही. मीठ ठरावीक पातळीखाली गेलं की यंत्र एक दिवा लावतं आणि कारखाना बंद. मामांनी तो दिवा पाहिला होता. त्यांना वाटलं, दिवा लागलाय म्हणजे मशीन चालू आहे. त्यांचं काय चुकलं? जगातले बाकी सगळे दिवे हेच तर सांगतात.

मिठाबरोबर आणखी एक गोष्ट वाहून गेली होती, आणि तिच्याशिवाय ऑक्टोबरच्या उन्हात निभाव लागत नाही. क्लोरीन शेवाळाचा कर्दनकाळ खरा, पण उन्हापुढे तो बर्फाचा गोळा. भर दुपारच्या उघड्या उन्हात पाण्यातला निम्मा क्लोरीन पाऊण तासाच्या आत नाहीसा होतो. म्हणून पाण्यात सायन्युरिक आम्ल घालतात, पूलवाल्यांच्या भाषेत ‘स्टॅबिलायझर’. ते क्लोरीनला अलगद धरून ठेवतं आणि लागेल तसं सोडतं, जणू छत्रीखाली उभं केलेलं. मात्र छत्र्या फार झाल्या की सगळे शिपाई छत्रीखालीच बसतात आणि लढायला कोणी येत नाही. उन्हाळ्यात नेमकं हेच होतं. टीसीसीए नावाच्या क्लोरीनच्या गोळ्या आणि पावडर टाकत राहिलं की प्रत्येक डोसाबरोबर हे आम्लही पाण्यात साठत जातं. पाण्याची वाफ होते, त्याची होत नाही. पावसाळ्यानंतर छत्री नाही, उन्हाळ्याअखेर छत्र्यांचा बाजार. मग वरून भातशेतीची धूळ, खत, कुजलेली पानं म्हणजे नत्र आणि स्फुरद, आणि परतीच्या पावसात वीज गेली की थांबलेला पंप. शेवाळाला याहून अगत्याचं आमंत्रण कोणतं?

तेव्हा आता उतारा. आधी किलोभर स्टॅबिलायझर. मामांच्या नातवाच्या जुन्या मोज्यात भरून तो पाण्याच्या झोताखाली टांगला, कारण तो फार सावकाश विरघळतो. आयोडीन नसलेलं मीठही घातलं. मग ॲसिड घालून पाण्याचा पीएच उतरवून ७.२ वर आणला. का? पीएच ७.५ च्या आसपास आपला साध्या वेशातला पोलीस निम्मा गणवेशात जातो, म्हणजे त्याचं ऋणभारित रूप होतं, आणि पेशी त्याला ओळखते. शेवाळाचा कावा बघा: दिवसभर ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं, त्यामुळे पीएच आपोआप चढतो. शत्रू आपलं हत्यार बोथट करत असतो, तेही जेवता जेवता!

आता मोठा मारा. सेलवर विसंबून चालत नाही. तो थेंबथेंब क्लोरीन देतो, रोजच्या पहाऱ्याला ठीक, युद्धाला नाही. त्यासाठी कॅनमधला हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. आमच्या पाण्यात स्टॅबिलायझर दहा लाखांत ३० भाग होता. त्या मानाने क्लोरीन १२ भागांवर न्यायचा होता. ३४,००० लिटरसाठी किती हायपो लागला? दहा टक्क्यांचा, जेमतेम चार लिटर! दहा लाखांच्या जत्रेत बारा माणसं सोडायची आणि त्यांनी जत्रा उधळायची. मात्र शेवाळ त्यांना खात असतं, म्हणून दर काही तासांनी मोजायचं आणि खर्च झाला तेवढा पुन्हा भरायचा. एका रात्रीत मुसंडी मारून झोपायला गेलं की हरलो. (आणि एक गोष्ट जिवावरची: ॲसिड आणि हायपो कधीही एका बादलीत, एका वेळी, एका मगाने हाताळायचे नाहीत. ईप्रचा तो वायू पंपाच्या खोलीत तयार होतो.)

ब्रश मारायचं काम मामांनी घेतलं. शेवाळ भिंतीला चिकटलं की वर बुळबुळीत थर चढवून आत सुरक्षित बसतं. शिडीच्या मागे, पाण्यातल्या दिव्याच्या खोबणीत, टाइल्सच्या सांध्यांत. थर फुटला की हत्यार आत पोचतं.

दुसऱ्या संध्याकाळी मामांनी हाक मारली. “दादा, आता तर दूध झालं!” खरंच, हिरवं जाऊन पाणी राखाडी दुधाळ झालं होतं. निराश होऊ नका, हाच विजयाचा रंग. क्लोरीनने हरितद्रव्य विरंजित केलं, रंग गेला, पण प्रेतं पाण्यातच आहेत. कोट्यवधी रंगहीन पेशी प्रकाश इकडेतिकडे उधळतात, म्हणून दूध.

ती गाळायला वाळूचा फिल्टर असतो, पण इतकी बारीक पेशी एकेकटी वाळूच्या कणांमधून सहज निसटते. आणि त्या एकत्रही येत नाहीत, कारण सगळ्यांवर ऋणभार, सगळ्या एकमेकींना ढकलतात. मामा म्हणाले, “तुरटी फिरवू का? आमची आई हंड्यात फिरवायची.” सांगायला लाज वाटते, पण मी हसणार होतो. तुरटीत ॲल्युमिनियम असतं, त्याच्यावर तिप्पट धनभार. तो पेशींवरचा ऋणभार पुसून टाकतो आणि कालपर्यंत एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या पेशी गुठळ्या करून तळाला बसतात. मोठमोठी जलशुद्धीकरण केंद्रं हेच करतात. तुरटीच्याही आधी आपल्याकडे माठाच्या आतून निवळीचं बी घासत. पाणी ‘निवळणं’ आणि ‘निवळी’चं झाड, नावातच काम आलं. आणि हे झाड सख्ख्या नात्यात कोणाचं? विषारी काजऱ्याचं! एकाच कुळात एक पाणी स्वच्छ करणारा, एक जीव घेणारा.

तिसऱ्या रात्री तुरटी, पंप बंद. सकाळी तळाला राखाडी साय बसलेली. व्हॅक्युमचा ब्रश अगदी हळू, झोपलेल्या बाळाशेजारून जावं तसा फिरवत ती सगळी थेट बाहेर काढली. फिल्टर बॅकवॉश केला, म्हणजे पाणी उलटं सोडून धुतला. दुपारी तळाच्या टाइल्स मोजता आल्या.

झालं? दिसायला झालं. पण डोळे हिशेबात कच्चे, हे आपण आधीच पाहिलंय. पाणी स्वच्छ दिसतंय आणि चौसष्टावा हिस्सा अजून जिवंत आहे, असंही असेल. ते ओळखायची युक्ती मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत देखणी वाटते. सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजायचा. सूर्य उगवायच्या आत पुन्हा मोजायचा. मधल्या वेळात सेल बंद, ऊन नाही, पोहणारं कोणी नाही. मग क्लोरीन कमी झाला तर तो खाल्ला कोणी? दिसत नसलेल्या कोणीतरी! रात्रभरात दहा लाखांत एका भागाहून जास्त घट झाली तर युद्ध चालूच ठेवायचं. पहिल्या रात्री तीन भाग घटले. मामांनी दिव्याची खोबणी उघडली तर आत बोटभर हिरवा लगदा. दुसऱ्या पहाटे विजेरीच्या उजेडात चाचणीचे थेंब टाकले, परीक्षानळीतलं पाणी गुलाबी झालं, आकडा जवळपास कालचाच. पाण्याला वासही नव्हता. ‘क्लोरीनचा वास’ म्हणून जो येतो तो बहुतेक वेळा घाम-मूत्राशी झुंजून दमलेल्या क्लोरीनच्या संयुगांचा असतो.

बॅकवॉशचं पाणी मामांनी भाताच्या खाचरात जाऊ दिलं नव्हतं. कुंपणापलीकडे त्यांचंच शेत, कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून निघालेल्या वाणाचं, कणसं वाकलेली. “खारट पाणी आहे ना,” ते म्हणाले. मला दुसरंच दिसत होतं. बांधाच्या आत ओल्या चिखलावर नील-हरित शेवाळाची साय होती. भाताच्या पाण्यातलं हेच शेवाळ हवेतला नत्र बांधून पिकाला देतं, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिलं. जमिनीला खत कोण घालतंय, याचं उत्तर पाण्यावरच्या बुळबुळीत थरात निघालं. याच कुळाच्या पूर्वजांनी अब्जावधी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरला, ज्यावर आज मामा, मी आणि दिवाळीचे पाहुणे चालतो. १९४६ मध्ये एला गोन्साल्विस आणि डी. बी. जोशी यांचा वांद्र्याच्या एका तलावातल्या शेवाळांवरचा अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला: कोणत्या ऋतूत कोण येतं, कोण जातं. आपण ज्याला एक ‘शेवाळ’ म्हणतो ती ऋतूंबरोबर बदलणारी वस्तीच असते.

पहिल्या सकाळी, हायपो ओतण्याआधी, मी त्या पालकाच्या भाजीची एक बाटली भरून ठेवली होती. ती आता डोंबिवलीला माझ्या घरी खिडकीत आहे, झाकण सैल. मामांचा तलाव निळा, पाहुणे येऊन गेले. बाटली दिवसेंदिवस गडद होतेय. दुपारी दोनच्या सुमाराला ऊन तिच्यावर आलं की काचेला आतून बारीक बुडबुडे धरतात, मोहरीएवढे होतात, आणि एकेक सुटून वर जातो.